धबधब्याचा पत्ता

पावसाळा आला की आपल्या वृत्तपत्रांत दोन प्रकारची छायाचित्रे हटकून छापली जातात. पहिल्या प्रकारात सह्याद्रीच्या कड्यावरून कोसळणारा एखादा शुभ्र धबधबा असतो आणि त्याखाली त्याचे नाव, तालुका व पुण्या-मुंबईपासूनचे अंतर दिलेले असते. दुसऱ्या प्रकारात तशाच एखाद्या धबधब्याच्या काठी दोर घेऊन उभे असलेले स्वयंसेवक आणि कापडात गुंडाळलेला देह असतो. या दोन छायाचित्रांमध्ये कधी महिन्याचे अंतर असते, तर कधी केवळ एका रविवारचे. पहिल्याचा दुसऱ्याशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. काही मिनिटांपूर्वी ज्या खडकावर ते निर्धास्तपणे उभे होते, त्याच खडकावर ते एकमेकांना धरून पाण्याशी झुंजत होते. ते दृश्य काठावरच्या लोकांनी टिपले आणि साऱ्या देशाने ते पाहिले. त्यानंतर तीन आठवडे उलटायच्या आतच माणगाव तालुक्यातील कुंभे येथे चित्रफीत घेत असताना आणखी एक तरुण जीव सुमारे ३०० फूट खोल दरीत पडून गेला. आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, गोव्यात नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि गोव्याच्या वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास सरसकट मनाई केली. त्याच महिन्यात दूधसागरकडे निघालेल्या तरुणांचा लोंढा लोहमार्गावर अडविण्यात आला व त्यांतील काहींना रुळांवर उठाबशा काढावयास लावण्यात आल्या. एका बाजूला शोक आणि दुसऱ्या बाजूला उठाबशा, अशा दोन टोकांमध्ये आपले धबधब्यांविषयीचे सार्वजनिक धोरण हेलकावे खात आहे.

दुर्घटना झाली की जिल्हाधिकारी मनाईहुकूम काढतात. काही आठवडे फलक लागतात, पोलीस उभे राहतात, पुढे पाऊस ओसरतो आणि फलक गंजून जातात. पुढल्या ज्येष्ठात तोच क्रम पुन्हा सुरू होतो. या मनाईचे समर्थन करणारा एक पक्ष आहे. त्याला रविवारी डोंगरात जाणारा प्रत्येक तरुण बेजबाबदार वाटतो. निसर्ग कोणाच्या मालकीचा नाही व तेथे जाण्यास कोणाची आडकाठी नसावी, असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे. दोघांच्याही म्हणण्यात निम्मे सत्य आहे आणि म्हणूनच दोघांच्याही मार्गाने प्रश्न सुटत नाही. तो सोडवावयाचा तर धबधबा म्हणजे काय, तेथे चालत जाणे म्हणजे काय आणि त्याचे छायाचित्र घेणे म्हणजे काय, याचा थोडा शांतपणे विचार केला पाहिजे.

महाराष्ट्रातील सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. या थरांपैकी काही कठीण, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. पाणी खालचा मऊ थर कोरत जाते, वरच्या कठीण थराची कड पुढे उरते आणि तिच्यावरून प्रवाह खाली झेपावतो. जेथे तो पडतो तेथे दगडगोट्यांच्या घुसळणीने डोह तयार होतो. कुकडी नदीच्या पात्रात निघोजचे प्रसिद्ध रांजणखळगे याच घुसळणीने घडले आहेत. उन्हाळ्यात ते पाहिले म्हणजे वाहत्या पाण्याची करवत किती खोल व किती वेडीवाकडी जाते, हे ध्यानात येते. धबधब्याखालचा डोहही तसाच असतो. फरक इतकाच, की त्याचा तळ दिसत नाही. वरून कोसळणारे पाणी आत गेलेल्याला खाली दाबते आणि पुन्हा धारेखालीच ओढते. पोहणे चांगले येते म्हणून निर्धास्तपणे उतरलेले तरुण अशा डोहात बुडतात, ते त्यामुळेच. तलावात किंवा विहिरीत कमावलेले कौशल्य येथे फारसे उपयोगी पडत नाही.

दुसरा धोका याहून फसवा. धबधब्यावर येणारे पाणी तेथे पडलेल्या पावसाचे नसते. ते वरच्या पठारावर, दोन-चार कोस मागे पडलेल्या पावसाचे असते. खाली ऊन असताना वर ढग रिता होऊ शकतो. घाटमाथ्याच्या उघड्या कातळावर पाणी मुरत नाही, ते धावते. आणि घोट्याइतका ओढा काही मिनिटांत कमरेइतका होतो. गुडघाभर पाणीसुद्धा वेगात असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलते. ही वाढ पूर्वसूचना देऊन होते, पण ती वाचता आली पाहिजे. पाणी गढूळ होते, पालापाचोळा व काटक्या वाहत येऊ लागतात, आवाजाचा पोत बदलतो. डोंगरात राहणाऱ्याला ही लिपी येते; शहरातून आलेल्याला ती येत नाही, आणि ती येत नाही हेही त्याला ठाऊक नसते.

येथे एक अनुभव सांगणे अवश्य वाटते. प्रस्तुत लेखकाने १९८९ च्या श्रावणात मुळशीच्या मागील डोंगरांत असाच एक धबधबा पाहिला. एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून अडीच तासांची चाल, त्यातला निम्मा रस्ता दाट झाडीतून आणि उरलेला ओढ्याच्या गोट्यांवरून. सोबत गावातील एक वृद्ध गृहस्थ होते. ते पुढे चालत, काठीने गवत बाजूला सारीत आणि मधूनच थांबून कान देत. धबधब्यापाशी पोहोचल्यावर त्यांनी मला एका विशिष्ट दगडापलीकडे जाऊ दिले नाही. कॅमेऱ्यात ३६ चित्रांचा एकच रोल होता. त्यामुळे घाई परवडण्याजोगी नव्हती. ट्रायपॉड लावून मी प्रकाशाची वाट पाहत बसलो. धबधब्याला कडक ऊन मानवत नाही. त्यात पाण्याचा पांढरा रंग जळून जातो आणि झाडी काळी पडते. ढग आला म्हणजे प्रकाश मऊ होतो, ओल्या कातळाचा निळसर काळेपणा आणि शेवाळ्याचा हिरवा रंग उमलून येतो. पडदा एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता उघडला तर थेंब न् थेंब गोठून उभा राहतो. तोच अर्धा सेकंद उघडा ठेवला तर पाण्याचे रेशीम होते. यांतले कोणते चित्र खरे, याचा विचार करण्यात आणि भिंगावरचे तुषार पुसण्यात दीड तास गेला. एवढ्यात म्हातारबा उठले. "पाण्याचा आवाज बदलला साहेब, आता हितं थांबायचं न्हाई," एवढेच ते म्हणाले. मला काहीच वेगळे ऐकू आले नव्हते. आम्ही ओढा ओलांडून वरच्या वाटेला लागलो आणि पाऊण तासाने मागे पाहिले, तेव्हा ज्या दगडावर ट्रायपॉड होता तो दगड दिसत नव्हता.

त्या रोलमधील एक चित्र चांगले उतरले. ते एका नियतकालिकात छापून आले आणि त्यासोबत मी हौसेने तेथे जाण्याचा मार्ग दिला: एसटी कोणती, कोठे उतरावे, ओढ्याच्या कोणत्या काठाने जावे. म्हातारबांनी दाखविलेला दगड आणि त्यांनी ऐकलेला आवाज मात्र त्या मजकुरात नव्हता. बारा-तेरा वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा वाट रुंद झाली होती. ओढ्यात बाटल्यांच्या काचा होत्या, कातळावर रंगाने नावे लिहिलेली होती. गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर याच ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे, हेही मला त्या वेळी प्रथमच कळले. म्हातारबा वारले होते. त्यांचा मुलगा भेटला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याने आणि गावातल्या चौघांनी एका विद्यार्थ्याचा देह डोहातून काढून झोळी करून खाली आणला होता. त्याबद्दल त्यांना ना मजुरी मिळाली होती, ना आभाराचा शब्द. उलट पोलीस ठाण्यात जबानीसाठी दोन दिवस घालवावे लागले होते. तो मला काहीही बोलला नाही. माझ्या लेखाचा त्या विद्यार्थ्याशी संबंध होता की नाही, हे कधीच सिद्ध होणार नाही. परंतु नव्हता असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तेव्हापासून त्या जागेचे नाव मी छापलेले नाही आणि आजही ते छापणार नाही.

त्या काळी छापील मजकूर वाचून डोंगर चढणारे शे-दोनशे निघत. आज परिस्थिती पार पालटली आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि तो कॅमेरा चित्रासोबत स्थळाचे अचूक अक्षांश-रेखांशही नोंदवितो. एखाद्याने सकाळी टाकलेले चित्र दुपारपर्यंत लक्षावधी लोक पाहतात आणि पुढच्या रविवारी त्यांतील हजारभर लोक त्या ठिकाणी उभे असतात. रायगड जिल्ह्यातील भिरा गावाजवळचा देवकुंड धबधबा हे याचे ठळक उदाहरण होय. भिरा हे नाव इतिहासात वेगळ्याच कारणाने आहे. १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह ज्या धरणाविरुद्ध होता, त्या धरणाचे पाणी १९२७ पासून कड्याखालच्या भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि त्यातून मुंबईला वीज मिळते. मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी लढा दिला. जमिनी गेल्या, वीज शहराला मिळाली. आज त्याच शहरातील माणसे सुटीच्या दिवशी त्याच खोऱ्यात येतात, डोहात उतरतात, आणि दुर्घटना घडली की शोधकार्यासाठी पहिली हाक जाते ती स्थानिकांनाच. देवकुंडाला जाण्यास प्रशासनाने अनेक पावसाळ्यांत मनाई केली आहे. मनाई झाली की गावातील वाटाड्यांची व घरगुती खाणावळी चालविणाऱ्यांची ऐन हंगामातील मिळकत बंद होते आणि चुकवून जाणारे लोक वाटाड्याशिवाय, आडवाटेने जातात. म्हणजे जो माणूस पाण्याचा आवाज ओळखतो, नेमका तोच या व्यवहारातून वगळला जातो. सरसकट मनाईचे हे सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

येथे एका सूक्ष्म फरकाकडे लक्ष वेधले पाहिजे. धबधब्याचे छायाचित्र घेणारा मनुष्य धबधब्याकडे तोंड करून उभा असतो. धबधब्यासमोर स्वतःचे छायाचित्र घेणारा त्याच्याकडे पाठ करून उभा असतो. पहिल्याला तासभर पाणी न्याहाळावे लागते, त्यामुळे त्याची चढ-उतर त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. दुसऱ्याला पाण्याचे भान राहत नाही. त्याच्या लेखी तो निव्वळ पडदा असतो. म्हणून दोष कॅमेऱ्याचा नाही. किंबहुना कॅमेरा धीराने वापरला तर तो पाहावयास शिकवितो. दोष त्या घाईचा आहे, जी दहा मिनिटांत येऊन, पाठ फिरवून, पुरावा घेऊन परत जाऊ पाहते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ज्यांनी आधी पाहून घेतले तेच आता इतरांना पत्ता नाकारीत आहेत. सह्याद्री ही काही मोजक्या जाणत्यांची जहागीर आहे काय? चाळीत व कारखान्यात आठवडा काढणाऱ्या तरुणाला एक दिवस धबधब्याखाली भिजावेसे वाटले तर त्यात गुन्हा कोणता? हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. महानगरांत मोकळी मैदाने उरली नाहीत, नद्यांची गटारे झाली आहेत. अशा वेळी वाहत्या स्वच्छ पाण्याची ओढ ही निरोगी ओढ आहे आणि तिला हिणविणे अन्यायाचे होईल. परंतु त्यावर उत्तर असे, की प्रश्न पत्ता लपविण्याचा नसून तो कोणी द्यावयाचा, हा आहे. तो यंत्राने द्यावा की गावाने द्यावा? यंत्र फक्त वाट दाखविते; गाव वाटेसोबत वेळ, मर्यादा आणि धोका सांगते. यंत्राकडून पत्ता घेणाऱ्याचे त्या जागेशी कोणतेही देणे-घेणे राहत नाही; गावाकडून घेणारा त्या गावाचा पाहुणा होतो आणि पाहुण्याला काही रीतभात पाळावी लागते.

आपल्या परंपरेत याची सोय होती. 'देवकुंड' हे नावच पाहा. पाण्याच्या उगमाला, डोहाला, झाडीला देवाचे नाव देऊन लोकांनी तेथील वावराला मर्यादा घातली होती. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले, की जेथे कायदा पोहोचला नव्हता तेथे श्रद्धेने जंगल राखले होते. अशा जागी काय दडलेले असते, याचे उदाहरण आंबोलीजवळ आहे. हिरण्यकेशीच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात, माशाची एक नवी जात सापडल्याची शास्त्रीय नोंद २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये शासनाने त्या जागेला जैविक विविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. एका लहानशा कुंडात विज्ञानाला अज्ञात असलेला जीव सुखाने नांदत होता, कारण तेथे साबण लावून आंघोळ करावयाची नाही, एवढा संकेत लोक पाळीत होते. देवाची भीती आज ओसरली असेल. तिच्या जागी नागरिकाची जाणीव यावयास हवी होती, ती मात्र अद्याप आलेली नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे सर्व धबधबे एका मापाने मोजण्याचे सोडून द्यावे. जे रस्त्यालगत व सुरक्षित आहेत, तेथे कठडे, सज्जे, स्वच्छतागृहे बांधून भरपूर लोकांची सोय करावी. गर्दीला जागा दिली नाही तर ती आपली जागा शोधते. जे आडजंगलात आहेत, तेथे रस्ते व सज्जे मुळीच नेऊ नयेत. तेथे संख्येला मर्यादा, नोंदणी आणि स्थानिक वाटाड्या या तीन अटी असाव्यात. असे करता येते, हे सातारा जिल्ह्यातील कास पठाराने दाखविले आहे. फुलांच्या हंगामात तेथे दिवसाला ठरावीक संख्येतच प्रवेश मिळतो, त्याची आगाऊ नोंदणी होते, शुल्क आकारले जाते आणि परिसरातील गावांच्या वन व्यवस्थापन समित्या ती व्यवस्था पाहतात. त्या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. परंतु २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले पठार नुसत्या गर्दीच्या पायांखाली तुडवू देण्यापेक्षा ती निश्चित बरी.

दुसरी गोष्ट अधिकाराची. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यान्वये ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांना वन व जलस्रोत राखण्याचा अधिकार आहे. हा अधिकार कागदावर न ठेवता धबधब्याच्या वाटेवर उतरला पाहिजे. प्रवेश शुल्काचा मोठा वाटा गावाकडे राहावा. वाटाड्यांना प्रथमोपचाराचे व दोराच्या वापराचे शिक्षण मिळावे आणि त्यांचा विमा उतरविला जावा. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे स्वतःचा जीव धोक्यात घालून पर्यटकांना व त्यांच्या मृतदेहांना दऱ्यांतून वर आणीत आहेत. त्यांच्या पाठीवर थाप मारून शासनाची जबाबदारी संपत नाही. त्यांना साधने व संरक्षण देणे हे उपकार नसून कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट साधी व अल्पखर्चाची आहे. ज्या पठारावरचे पाणी धबधब्याला येते तेथे पर्जन्यमापक बसवून, पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की खालच्या वाटेवर भोंगा वाजेल, एवढी योजना वर्दळीच्या दहा-वीस ठिकाणी करणे राज्याला अशक्य नाही. सरसकट तीन महिन्यांच्या मनाईपेक्षा योग्य वेळी वाजलेला भोंगा अधिक जीव वाचवील. मनाई जेव्हा धोक्याच्या दिवसापुरती असते, तेव्हाच लोक ती मानतात.

चौथी गोष्ट आम्हा लिहिणाऱ्यांची आणि छायाचित्रे घेणाऱ्यांची. शासनाला उपदेश करणे सोपे असते. स्वतःच्या अंगणातील केर काढणे कठीण. आडबाजूच्या धबधब्याचे चित्र छापताना त्याचे नेमके ठिकाण देऊ नये. द्यावयाचेच असेल तर तेथील ग्रामसभेच्या संमतीने आणि धोक्याच्या माहितीसह द्यावे, एवढा संकेत वृत्तपत्रांनी व छायाचित्रकारांनी स्वतःहून पाळण्यास कोणत्याही कायद्याची गरज नाही. पक्षी-छायाचित्रणात घरट्याचे ठिकाण जाहीर न करण्याचा शिष्टाचार जाणती मंडळी पाळतातच. घरट्यात पिले असतात म्हणून आपण गप्प राहतो. धबधब्याच्या डोहात माणसांची पिले उतरतात, हे काय कमी कारण झाले?

ते जुने चित्र आजही माझ्या खोलीत आहे. त्यात पाणी रेशमासारखे दिसते. त्याचा आवाज अर्थातच चित्रात नाही. घरी येणारा कोणी ना कोणी विचारतो, "कुठे आहे हो हे?" मी गावाचे नाव सांगत नाही, पण नुसती टाळाटाळही करीत नाही. खरोखर जावयाचे असेल तर पाऊस थोडा ओसरल्यावर माझ्याबरोबर चला, म्हणतो. अडीच तास चालावे लागेल, म्हातारबांच्या मुलाला सोबत घ्यावे लागेल आणि तो ज्या दगडापाशी थांबवील तेथे थांबावे लागेल. बहुतेक लोक हसून विषय बदलतात. गेल्या काही वर्षांत चौघे-पाच जण आले. त्यांनी चित्रे काढली, परत निघताना म्हातारबांच्या घरी चहा घेतला, वाटाड्याचे पैसे चुकते केले, आणि पत्ता कोणाला दिला नाही. अशी माणसे वाढविणे हे कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या हुकुमाने होणारे काम नाही. ते घरांनी, शाळांनी, गिर्यारोहणाच्या मंडळांनी आणि वृत्तपत्रांनी करावयाचे काम आहे. आणि पुढल्या पावसाळ्यात पहिले छायाचित्र छापताना त्याखाली काय लिहावयाचे, तेथपासून त्याला आरंभ करता येईल.